अपिकेंद्र: यातला ‘अपि’ कुठला, आणि ते ‘१० किमी खोल’ असू शकतं का?

शब्दवेल्हाळ

कोयनेच्या परिसरात जमीन हलली की दुसऱ्या दिवशी बातमीत ठरलेल्या धाटणीचं वाक्य येतं: ‘भूकंपाचे अपिकेंद्र धरणापासून अमुक किलोमीटर अंतरावर, जमिनीखाली १० किलोमीटर खोल होते.’ कुठे ‘अपिकेंद्र’ असतं, कुठे ‘केंद्रबिंदू’, हिंदीवरून उचललेल्या मजकुरात ‘अधिकेंद्र’, आणि अधूनमधून चक्क ‘अपकेंद्र’.

माझे प्रश्न दोन. ‘अपि’ म्हणजे ‘सुद्धा’ एवढंच आपल्याला ठाऊक असतं: तथापि, यद्यपि, कदापि. मग अपिकेंद्र म्हणजे ‘केंद्रसुद्धा’? आणि दुसरं, वरचं वाक्य शास्त्राला धरून आहे का?

माझं मत असं की शब्द ‘एपिसेंटर’च्या आवाजावर बेतलेला आहे. तसं असेल तर तो सोडून साधा, सगळ्यांना कळणारा ‘केंद्रबिंदू’ वापरावा. जाणकारांनी लिहावं.

आलेखवाचक

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. वाक्य चुकीचं आहे.

खडक जिथून तुटायला सुरुवात होते ती जागा जमिनीच्या पोटात असते. तिला भूकंपनाभी किंवा नुसती नाभी म्हणतात. नाभीच्या बरोबर डोक्यावर, भूपृष्ठावर जो बिंदू येतो तो अपिकेंद्र. त्याला अक्षांश आणि रेखांश असतात, खोली नसते. ‘१० किमी खोल’ असते ती नाभी. त्यामुळे ‘अपिकेंद्र १० किमी खोल’ म्हणजे ‘गच्ची तळघरात आहे’ म्हणण्यासारखं झालं.

‘केंद्रबिंदू’ला माझा विरोध याच कारणाने आहे. त्यावरून वरचा बिंदू की खालचा, हे कळत नाही. म्हणूनच बातमीत दोन्ही एकमेकांत मिसळतात.

धातुपाठ

शब्दवेल्हाळ, ‘आवाजावर बेतलेला’ हे अर्धंच खरं आहे. आवाज जुळतो, कारण मूळ एकच आहे.

ग्रीक ‘एपि’ म्हणजे वर, लगत. संस्कृत ‘अपि’ त्याचा सख्खा भाऊ. दोन्ही एकाच आदिम भारोपीय शब्दापासून आले. आपल्याकडे पुढे ‘अपि’चं अव्यय झालं आणि ‘सुद्धा’ हा अर्थ इतका फोफावला की मूळचा उपसर्ग झाकला गेला. पण पाणिनीय परंपरेतल्या उपसर्गांच्या यादीत तो आहेच: ‘…नि, अधि, अपि, अति, सु, उद्, अभि…’

‘वर ठेवणे’ हा अर्थ बघायचा तर ‘अपिधान’ बघा. अपि + धा, म्हणजे वर ठेवणे, झाकणे, त्यावरून झाकण. त्यातला ‘अ’ गळून ‘पिधान’ होतं. असा लोप भागुरी नावाच्या वैयाकरणाला मान्य होता, तशी कारिकाच आहे: ‘वष्टि भागुरिरल्लोपमवाप्योरुपसर्गयोः’. म्हणजे ‘अव’ आणि ‘अपि’ या दोन उपसर्गांच्या ‘अ’चा लोप. ‘अवगाह’चं ‘वगाह’ आणि ‘अपिहित’चं ‘पिहित’ तसंच.

तेव्हा अपिकेंद्र म्हणजे ‘केंद्राच्या वरचा’. ‘केंद्रसुद्धा’ नव्हे.

पंचांगप्रेमी

‘पिधान’ शब्द मराठीत जिवंत आहे हे इथे सांगायलाच हवं. चंद्र एखाद्या ताऱ्याला किंवा ग्रहाला झाकतो त्याला आपण पिधानच म्हणतो. ‘चंद्राने रोहिणीचे पिधान केले’ हे आकाशनिरीक्षणाच्या लेखांतलं नेहमीचं वाक्य. म्हणजे अपिकेंद्रातला ‘अपि’ आणि पिधानातला ‘पि’ एकच!

सह्याद्रीवारा

+१. पिधान आणि अपिकेंद्र एका घरातले असतील असं कधी मनातही आलं नव्हतं.

धातुपाठ

पुढची गोष्ट मला त्याहून सुंदर वाटते. ‘केंद्र’ हा शब्दही मुळात ग्रीक आहे. ‘केंट्रॉन’ म्हणजे टोचणारं टोक, अंकुश, नांगी. कंपासचं जे टोक कागदात रुततं तेही केंट्रॉन, आणि त्यावरून वर्तुळाचा मध्य. हा शब्द यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, ज्योतिषाबरोबर संस्कृतात आला आणि इतका रुळला की आज ‘केंद्र सरकार’, ‘मतदान केंद्र’ म्हणताना तो परका आहे अशी शंकाही येत नाही.

म्हणजे ‘अपिकेंद्र’ या शब्दाचा एक भाग ग्रीक शब्दाचा भाऊ आहे आणि दुसरा भाग तोच ग्रीक शब्द आहे. अर्थ, आवाज आणि कुळ तिन्ही जुळणारे पारिभाषिक शब्द फार थोडे सापडतात. असा शब्द केवळ अपरिचित वाटतो म्हणून टाकू नये.

कुंडलीकार

धातुपाठ यांना दुजोरा आणि थोडी भर. पत्रिकेतली १, ४, ७, १० ही स्थानं म्हणजे ‘केंद्र’. २, ५, ८, ११ म्हणजे ‘पणफर’. ३, ६, ९, १२ म्हणजे ‘आपोक्लिम’. तिन्ही ग्रीक: केंट्रॉन, एपॅनाफोरा, अपोक्लिमा. चौथ्या स्थानाचं एक नाव ‘हिबुक’. तो ‘हायपोगीऑन’, म्हणजे भूमीच्या खालचा. सातवं स्थान ‘जामित्र’, मूळ ‘डायमेट्रॉन’, म्हणजे व्यास. लग्नाच्या, म्हणजे पहिल्या स्थानाच्या, बरोबर समोरचं.

आता नीट बघा. ‘एपॅनाफोरा’च्या सुरुवातीला तोच ‘एपि’ बसलाय, आपण त्याचा पहिला स्वर टाकून ‘पणफर’ केलं. आणि ‘हिबुक’मध्ये तो ‘हायपो’ आहे जो इंग्रजीत नाभीला ‘हायपोसेंटर’ म्हणताना येतो. भूकंपशास्त्राने हे शब्द घडवले त्याच्या कितीतरी आधी त्यांचे तुकडे वराहमिहिराच्या बृहज्जातकात होते.

वाडेकर_वाडीचे

मग त्याच न्यायाने हायपोसेंटरला ‘उपकेंद्र’ म्हणायला काय हरकत? हायपो आणि उप हेही भाऊच ना?

धातुपाठ

भाऊच. ‘उप’चा मूळ अर्थ ‘खालून वर, जवळ’. व्युत्पत्तीने ‘उपकेंद्र’ चालेल, पण व्यवहारात ती जागा आरोग्य उपकेंद्राने आणि वीज उपकेंद्राने अडवली आहे. ‘भूकंपाचे उपकेंद्र गावाखाली ८ किमी’ असं छापून आलं तर लोक महावितरणला फोन लावतील.

वाडेकर_वाडीचे

😀 पटलं. नाभीच बरी.

नर्मदाकाठ

मी इंदूरचा, म्हणून हिंदीची बाजू मांडतो. आमच्याकडे शाळेत ‘अधिकेंद्र’ आणि ‘अवकेंद्र’ अशी जोडी असते. अधि म्हणजे वर, अव म्हणजे खाली. अधिष्ठान, अधिराज्य, अध्यारोप हे शब्द मराठी माणसालाही माहीत आहेत. ‘अधि’चा अर्थ ऐकताक्षणी कळतो, ‘अपि’साठी मात्र भागुरीला बोलवावं लागतं. शब्दाची वंशावळ कितीही थोर असली तरी वाचणाऱ्याला अर्थ लागला पाहिजे. त्यामुळे माझं मत अधिकेंद्राला.

गणिताचं_दप्तर

नर्मदाकाठ यांचा मुद्दा चांगला आहे. तरी मराठीपुरतं अपिकेंद्रच ठेवावं असं मला वाटतं. विश्वकोश आणि शालेय भूगोल दोन्हीकडे तोच आहे. मुलं नववीत जो शब्द शिकतात तोच बातमीत दिसला तर शिकलेलं पक्कं होतं.

पण एक सावधगिरी. विज्ञानात याच्या आजूबाजूला दोन शब्द आहेत आणि एका अक्षराने घात होतो:

‘अभिकेंद्री बल’ हे केंद्राच्या दिशेने. गोफण फिरवताना दोरी दगडाला आत ओढते ते.
‘अपकेंद्री बल’ हे केंद्रापासून दूर.

‘अप’ म्हणजे दूर (अपहरण, अपसरण), ‘अभि’ म्हणजे कडे (अभिमुख), ‘अपि’ म्हणजे वर. ‘भूकंपाचे अपकेंद्र’ असं छापलं की अर्थ ‘केंद्रापासून पळणारं’ असा होतो. ही चूक टंकलेखनात होते कारण वेलांटी सुटते, आणि शुद्धलेखन तपासणाऱ्याला ‘अपकेंद्र’ ओळखीचा वाटतो म्हणून तो सोडून देतो. ‘अभिकेंद्र’ही काही ठिकाणी एपिसेंटरसाठी वापरलेला दिसतो. तोही टाळावा.

कुंडलीकार

आणि ‘आपोक्लिम’मधला ‘अपो’ म्हणजे तुमचा ‘अप’. केंद्रापासून ढळलेलं स्थान. सगळं कुटुंब हजर झालं.

रानफूल

ही चर्चा आवडते आहे, पण मला मूलभूत प्रश्न आहे. नाभी दिसत नाही, तिथे कोणी जाऊ शकत नाही. मग ‘बरोबर तिच्या डोक्यावरचा’ बिंदू काढतात कसा? तोही काही तासांत, गावाच्या नावासकट?

आलेखवाचक

कागद, कंपास आणि तीन आलेख असले तर हाताने काढता येतो. आज संगणक तेच शेकडो वेळा करून बघतो.

भूकंपातून दोन प्रकारचे तरंग खडकातून निघतात. प्राथमिक म्हणजे पी तरंग आधी पोचतात, दुय्यम म्हणजे एस तरंग मागून. कवचाच्या वरच्या भागात पी साधारण सेकंदाला ६ किमी जातो, एस ३.५ किमी. जितके दूर तितकी दोघांत फट वाढते. वीज चमकणं आणि गडगडाट यांतल्या अंतरासारखं, फक्त इथे दोघेही धावत असतात.

फट सेकंदांत मोजायची आणि ८.४ ने गुणायची. हा आकडा ६ × ३.५ ÷ (६ − ३.५) यातून येतो. समजा तीन वेधशाळांवर फट ५, ९ आणि १२ सेकंद आहे. अंतरं झाली ४२, ७५.६ आणि १००.८ किमी. नकाशा १ सेंमीला १० किमी असेल तर कंपासमध्ये ४.२, ७.६ आणि १०.१ सेंमी घेऊन प्रत्येक वेधशाळेभोवती वर्तुळ काढायचं.

इथे नवख्याचा गोंधळ होतो. तिन्ही वर्तुळं एका बिंदूत मिळत नाहीत, एकमेकांवर थोडी चढतात. त्याला वाटतं आपलं मोजमाप चुकलं. तसं नाही. फटीवरून निघालेलं अंतर नाभीपर्यंतचं असतं, म्हणजे तिरकं. आणि आपण ते सपाट कागदावर मांडलं. म्हणून काय करायचं, तर प्रत्येक जोडीची वर्तुळं जिथे दोनदा छेदतात ते दोन बिंदू सरळ रेषेने जोडायचे. अशा तीन रेषा होतात आणि त्या तिन्ही एका बिंदूतून जातात. तो अपिकेंद्र.

मग खोली. पहिल्या वेधशाळेपासून नाभी ४२ किमी तिरकी. नकाशावर अपिकेंद्र ४१ किमी भरलं. काटकोन त्रिकोण: ४२चा वर्ग वजा ४१चा वर्ग म्हणजे ८३, त्याचं वर्गमूळ सुमारे ९. नाभी ९ किमी खोल.

रानफूल

म्हणजे आधी वरचा बिंदू मिळतो आणि मग खालचा! नाव ‘केंद्राच्या वरचा’ असलं तरी हातात तोच आधी येतो. खूप धन्यवाद.

सह्याद्रीवारा

घड्याळ चुकलं तर? वेधशाळेचं घड्याळ १ सेकंद पुढे असेल तर ८.४ किमीची चूक होणार ना?

आलेखवाचक

नाही, आणि फटीची पद्धत टिकून राहिली ती याच गुणामुळे. पी आणि एस दोन्हींची नोंद त्याच घड्याळावर होते. घड्याळ पुढे असेल तर दोन्ही वेळा सारख्याच पुढे सरकतात, फट तीच राहते.

घड्याळाची चूक बाधते ती नुसत्या पीच्या पोचण्याच्या वेळांवरून जागा काढताना. तिथे १ सेकंद म्हणजे सुमारे ६ किमी. आता जीपीएसवरून वेळ घेतात, त्यामुळे हा त्रास उरलेला नाही.

फटीच्या पद्धतीत चुकतं ते एसची सुरुवात ओळखताना. पीच्या मागून येणारी थरथर संपायच्या आतच एस उगवतो, आणि त्याचा पहिला झटका त्या गर्दीत बुडतो. म्हणून एस आडव्या दिशेच्या आलेखावर बघतात, उभ्या दिशेच्या नाही. तरीही ०.२ सेकंदाची चूक सहज होते. आता वरचंच गणित पुन्हा करा. फट ५ ऐवजी ५.२ वाचली तर तिरकं अंतर ४३.७ किमी, आणि खोली ९ ऐवजी १५! फट ४.८ वाचली तर तिरकं अंतर ४०.३, म्हणजे नकाशावरच्या ४१पेक्षाही कमी. वर्गमूळात ऋण आकडा. नाभी जमिनीच्या वर गेली!

अपिकेंद्र दीड-दोन किलोमीटर सरकतं तेव्हा खोली अशी दीडपट होते. खोली हा आकडा या सगळ्यात सर्वांत कच्चा असतो.

यावर इलाज एकच, वेधशाळा अपिकेंद्राच्या अगदी जवळ हवी. अपिकेंद्र ५ किमीवर आणि नाभी ९ किमी खोल असेल तर तीच ०.२ सेकंदाची चूक खोली ११च्या आसपास नेते, १५ नाही. जवळची वेधशाळा नाभीच्या खोलीइतक्याच अंतरात असावी, हा कामातला ठोकताळा.

गणिताचं_दप्तर

ताळा करायची एक सोपी रीत इथे जोडतो, वादाती आलेख. जपानी भूकंपशास्त्रज्ञ कियो वादाती यांच्या नावाने ओळखली जाते. आडव्या अक्षावर पी पोचल्याची वेळ, उभ्या अक्षावर फट. प्रत्येक वेधशाळेचा एक ठिपका. ठिपके सरळ रेषेत यायला हवेत. ती रेषा खाली वाढवून फट शून्य होते तिथे आणली की भूकंप नेमका किती वाजता सुरू झाला ते मिळतं. वरच्या वेगांसाठी रेषेचा चढ ६ ÷ ३.५ − १, म्हणजे ०.७१.

एखादा ठिपका रेषेपासून दूर पडला तर त्या वेधशाळेचा एस चुकीचा वाचलाय किंवा घड्याळ चुकलंय. सह्याद्रीवारा यांच्या घड्याळाची चोरी इथे पकडली जाते.

शब्दवेल्हाळ

प्रश्न शब्दाचा होता आणि मी काटकोन त्रिकोणापर्यंत पोचलो! पण यातून एक शंका. बातम्यांत खोली इतक्या वेळा नेमकी १० किमीच का असते? सगळे भूकंप तिथेच होतात का?

आलेखवाचक

अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवलंत. वर दाखवलं तसं, जवळ वेधशाळा नसेल तर खोली गणितात स्थिर राहत नाही. कधी २ येते, कधी ३०, कधी ऋण. तेव्हा विश्लेषक खोली एका आकड्यावर बांधून टाकतो आणि फक्त अक्षांश, रेखांश आणि वेळ सोडवतो. उथळ भूकंपासाठी तो बांधलेला आकडा बहुधा १० किमी असतो, काही वेळा ५. त्यामुळे ‘१० किमी’ वाचलं की ‘उथळ आहे, नेमकं मोजता आलं नाही’ असंही असू शकतं.

कोयनेचं तसं नाही. तिथे वेधशाळांचं जाळं दाट आहे आणि तिथल्या बहुतेक भूकंपांची खोली खरोखरच १० किमीच्या आत भरते.

आणखी एक. वेधशाळा अपिकेंद्राच्या चारही बाजूंना हव्यात. सगळ्या एका अंगाला असतील तर रेषा एकमेकींना इतक्या निमुळत्या कोनात छेदतात की बिंदू लांबट पट्टा होतो. अरबी समुद्रात भूकंप झाला आणि वेधशाळा सगळ्या किनाऱ्यावर, तर हीच अडचण. अशा वेळी पहिली घोषणा आणि काही तासांनंतरची घोषणा यांत अपिकेंद्र हललेलं दिसतं. लोकांना वाटतं दुसरा भूकंप झाला.

इतिहासपान

आलेख नव्हते तेव्हाही अपिकेंद्र काढलं गेलं होतं. १६ डिसेंबर १८५७ ला नेपल्सच्या राज्यात, म्हणजे दक्षिण इटलीत, मोठा भूकंप झाला. रॉबर्ट मॅलेट हा आयरिश अभियंता तिथे गेला आणि पडक्या भिंतींतल्या भेगांचे कल, कोसळलेल्या खांबांच्या दिशा मोजत गावोगाव फिरला. धक्का कुठून आला ती दिशा प्रत्येक ठिकाणी नकाशावर रेषेने दाखवली. रेषा जिथे एकत्र आल्या तिथे वरचा बिंदू. मग भेगांच्या तिरकेपणावरून धक्का किती खालून आला तेही काढलं. इंग्रजीत भूकंपशास्त्राला ‘सिस्मॉलॉजी’ हे नाव त्याचंच. ग्रीक ‘सेइस्मॉस’ म्हणजे हादरा.

त्याच्या पद्धतीत आज त्रुटी दिसतात. भिंत कशी फाटते ते बांधणीवर आणि खालच्या मातीवरही अवलंबून असतं. पण भूपृष्ठावरच्या खुणांवरून पोटातली जागा शोधायची, ही कल्पना तीच.

नर्मदाकाठ

या ओघात एक गैरसमज. अपिकेंद्र म्हणजे सर्वांत जास्त नुकसानीची जागा, असं सर्रास धरलं जातं. ‘महामारीचे अपिकेंद्र’, ‘आंदोलनाचे अपिकेंद्र’ हे लाक्षणिक प्रयोग त्याच समजुतीवर उभे आहेत.

आलेखवाचक

बरोबर, आणि भूकंपात ही समजूत महागात पडते. अपिकेंद्र हे फक्त तुटायला *सुरुवात* झाली त्या जागेच्या वरचं ठिकाण. कापड फाडताना पहिली चीर जिथे देता ती नाभी. पुढे किती फाटेल, कुठल्या अंगाला फाटेल, ते वेगळंच.

२५ एप्रिल २०१५ चा नेपाळचा भूकंप घ्या. अपिकेंद्र गोरखा जिल्ह्यात बारपाकजवळ, काठमांडूच्या वायव्येला सुमारे ८० किमी. पण भेग पूर्वेकडे धावली आणि सर्वाधिक माणसं सिंधुपालचोक जिल्ह्यात गेली, जो काठमांडूच्याही पलीकडे आहे. २६ डिसेंबर २००४ ला अपिकेंद्र सुमात्राच्या उत्तर टोकाजवळ होतं, भेग मात्र तिथून उत्तरेला अंदमानपर्यंत सुमारे १,३०० किमी गेली. इतक्या लांब भेगेसाठी नकाशावर एकच तारा काढणं म्हणजे नदीऐवजी फक्त उगम दाखवणं.

मातीचाही हात असतो. १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको सिटी उद्ध्वस्त झालं तेव्हा अपिकेंद्र साडेतीनशे किलोमीटरहून दूर पॅसिफिक किनाऱ्यावर होतं. शहर जुन्या तळ्याच्या गाळावर वसलंय आणि त्या गाळाने कंप वाढवला.

सह्याद्रीवारा

भुजचा भूकंपही नावाने भुजचा, अपिकेंद्र भचाऊजवळ चोबारीच्या बाजूला. आणि अहमदाबाद दोनशे किलोमीटरच्या पलीकडे असूनही तिथे इमारती पडल्या. २६ जानेवारी २००१.

रानफूल

किल्लारीच्या वेळी ‘६.४ रिश्टर तीव्रता’ असं छापून आलं होतं, आता बऱ्याच ठिकाणी ६.२ दिसतं. हा फरकही अपिकेंद्रापासूनच्या अंतरामुळे का?

गणिताचं_दप्तर

नाही, वेगवेगळ्या मोजपट्ट्यांमुळे. पण तुमच्या वाक्यातला ‘तीव्रता’ हा शब्द या धाग्याचाच विषय व्हावा असा आहे.

रिश्टर यांनी १९३५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियासाठी ठरवलेलं माप असं: ठरावीक यंत्रावर, अपिकेंद्रापासून १०० किमीवर आलेख १ मिलिमीटर हलला तर ३. दहापट हलला तर ४. एका अंकाने ऊर्जा मात्र सुमारे ३२ पट वाढते. आज मोठ्या भूकंपांसाठी ‘मोमेंट मॅग्निट्यूड’ हे परिमाण वापरतात. ते तुटलेल्या भेगेचं क्षेत्रफळ, सरकलेलं अंतर आणि खडकाची दृढता यांवरून काढतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीसाठी ६.२ हा आकडा त्या पट्टीवरचा.

हे सगळं परिमाण झालं. एका भूकंपाला ते एकच. तीव्रता म्हणजे एखाद्या *गावी* तो किती जाणवला, काय पडलं. ती १ ते १२ मध्ये, रोमन आकड्यांत लिहितात, आणि गावागणिक बदलते. किल्लारीत ८ ते ९, पुढे दूर जाल तशी कमी. दिवा किती वॅटचा ते परिमाण, आणि तुमच्या वहीवर किती उजेड पडला ती तीव्रता. ‘६.२ तीव्रतेचा भूकंप’ हे ‘अपिकेंद्र १० किमी खोल’च्याच जातीचं वाक्य आहे.

इतिहासपान

अवांतर, पण ‘हायपो’साठी महत्त्वाचं. हिरोशिमावर बॉम्ब जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला. तिथे ‘हायपोसेंटर’ म्हणतात ते स्फोटाच्या बरोबर *खालच्या* जमिनीवरच्या बिंदूला. भूकंपात हायपोसेंटर जमिनीच्या पोटात, बॉम्बमध्ये जमिनीवर. उपसर्ग तोच, संदर्भबिंदू बदलला.

धातुपाठ

उत्तम उदाहरण. एपि आणि हायपो दोन्ही सापेक्ष आहेत. ‘कशाच्या वर’ हे ठरल्याशिवाय शब्द पुरा होत नाही. म्हणूनच आपली जोडी मला इंग्रजीपेक्षा नीट वाटते. नाभी म्हणजे बेंबी, आणि चाकाचा तुंबा. वस्तूच्या आतला मध्य. तो शरीराबाहेर असूच शकत नाही. त्यामुळे खोली नाभीला, जागा अपिकेंद्राला, हे शब्दच सांगतात.

नर्मदाकाठ

नाभीपुरतं मान्य. अवकेंद्रापेक्षा नाभी सरस आहे. अपि-अधिबद्दल माझं मत कायम. पण मराठी बातमीत मराठी शाळेतला शब्द असावा, हे गणिताचं_दप्तर यांचं म्हणणं पटलं.

शब्दवेल्हाळ

मी माझं ‘केंद्रबिंदू’ मागे घेतो. सुरुवातीचं वाक्य आता असं लिहिलंय, बघा:

‘भूकंपाचे अपिकेंद्र कोयना धरणापासून १२ किमी अंतरावर होते. भूकंपनाभीची खोली १० किमी होती. भूकंपाचे परिमाण ३.४ होते.’

आलेखवाचक

छान. दोन दुरुस्त्या. ‘१२ किमी अंतरावर’च्या आधी दिशा हवी. नुसत्या अंतराने वर्तुळ मिळतं, बिंदू नाही. आणि शिवसागराच्या, म्हणजे कोयनेच्या जलाशयाच्या, पूर्वेचं गाव की पश्चिमेचं, हे वाचणाऱ्याला कळायला हवं. दुसरं, खोलीच्या आधी ‘सुमारे’ घाला.

शब्दवेल्हाळ

‘भूकंपाचे अपिकेंद्र कोयना धरणाच्या दक्षिणेस १२ किमी अंतरावर होते. भूकंपनाभीची खोली सुमारे १० किमी होती. भूकंपाचे परिमाण ३.४ होते.’

गणिताचं_दप्तर

‘अपि’वरची वेलांटी छापताना जपा. 🙏